इंजिन रूममधले तिघे

नेव्हीतल्या माझ्या शेवटच्या मोहिमेत मी फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेच्या ब्रिजवर कम्युनिकेशनचा पेटी ऑफिसर होतो. युद्धाच्या पट्ट्यातून चार व्यापारी जहाजं पार करून द्यायची होती. त्यांच्याशी रेडिओवर बोलणं माझ्याकडे. त्यातल्या शेवटच्या, सुटा माल वाहणाऱ्या बल्क कॅरिअरवरचा सेकंड ऑफिसर सुनील गायकवाड मुलुंडचा निघाला. मी कांदिवलीचा. कामाचं इंग्रजीत झालं की एखादं वाक्य मराठीत व्हायचं. "काय रे, जेवलास का?" एवढंच.

एका सकाळी त्याच्या जहाजाच्या मागच्या बाजूला पाण्याखाली स्फोट झाला. जहाज जागीच थांबलं. लगेच पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या आमच्या सोनारवरून रिपोर्ट आला, "पॉसिबल सबमरीन."

सुनील हातातल्या रेडिओवरून बोलला, इंजिन रूमच्या दाराशी उभा राहून. "इंजिन रूममध्ये पाणी भरतंय. तीन माणसं आत आहेत. दार वाकून अडकलंय. आतून पाना आपटतायत. गॅस कटर आहे ना तुमच्याकडे? आमचा खाली बुडाला."

"आहे. थांब."

मी कॅप्टनना सांगितलं. ते दुर्बिणीतून त्या जहाजाकडे पाहत होते.

"बोट उतरवायला थांबलो तर पुढचा टॉर्पेडो आपल्याला," ते म्हणाले. "मग बाकीची तीन जहाजं उघडी पडतील. आधी कॉन्टॅक्ट, ती पाणबुडी शोधा."

आदेश बरोबर होता. मी आजही तसंच मानतो.

"सुनील, आत्ता येता येत नाही."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"मग त्यांना काय सांगू?"

मी हेलिकॉप्टरचा रिपोर्ट घ्यायला दुसऱ्या चॅनलवर गेलो.

आमचं हेलिकॉप्टर शोधत राहिलं. कॉन्टॅक्ट पुन्हा मिळाला नाही. मधूनमधून सुनील बोलायचा. "अजून आपटतायत." नंतर, "आता एकच असावा." मग आपटणंही थांबलं, म्हणाला.

दुपारी आमची बोट कटर घेऊन पोचली तेव्हा मागचा डेक पाण्याखाली जात होता. बाकीच्या क्रूला उतरवलं. सुनील त्या दारापासून उठेना. दोघांनी धरून आणला. थोड्या वेळाने जहाज गेलं.

तिघांपैकी फिटर विन्सेंट मुंबईजवळच्या मनोरीचा. निवृत्त झाल्यावर मार्वेहून फेरीबोटीने त्याच्या घरी गेलो. व्यापारी जहाजावर मेलेल्याला बिगुल नसतो, तिरंगा नसतो. विन्सेंटला तर शवपेटीही नव्हती. चर्चमागे त्याच्या नावाचा क्रॉस होता, खालची जमीन न उकरलेली.

त्याच्या वडिलांनी विचारलं, "त्याला कळलं व्हतं का, कोणी येत नाय ते?"

"नाही. सुनीलने दाराला तोंड लावून सांगितलं होतं, नेव्ही येतेय."

मला वाटलं होतं, याने त्यांना बरं वाटेल.

"म्हंजे वाट बघत गेला," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

विन्सेंट, फिटर. राघवन, सेकंड इंजिनियर. इक्बाल, ऑइलर. उरलेल्या दोघांच्याही घरी जायचं ठरवलं होतं. गेलो नाही.