तिरकं उभं राहणारं गिऱ्हाईक

भाट्याच्या पुलाअलीकडच्या त्या मेकॅनिकने माझे तीन रविवार खाल्ले. माझी गाडी ट्रायल्सची, म्हणजे सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळात, खडकांवरून उभ्यानेच चालवायची, बसायला धड सीटही नसलेली. ती माझ्या अंगाला जुळवून द्यायचं त्याने कबूल केलं होतं.

दर वेळी तो गाडी स्टँडला घट्ट बांधायचा, मला फूटरेस्टवर उभं करायचा आणि पाना मांडीवर आपटत भोवती फिरायचा. मग हँडल बोटभर पुढे, पुन्हा मागे. "उतरा. आता चढा परत."

तिसऱ्या रविवारी मी भडकलो. "अहो, आणखी किती वेळा? झालं की सगळं!"

तो शांतपणे म्हणाला, "तुमी सरळ उभे ऱ्हाताय, ते मला दाखवायला. वर सड्यावर कोण बघनार हाय?"

अपघातानंतर माझा डावा पाय जरा आखूड झाला आहे. चार वर्षं मी ते सगळ्यांपासून लपवत आलो होतो. शेवटी अंग सैल सोडलं आणि डावीकडे कललो.

त्याने लगेच डावा फूटरेस्ट काढून दीड बोट वर वेल्ड केला. गिअरचं पेडलही तेवढंच वर घेतलं.

"पहिल्याच दिवशी विचारायचंत ना!" मी चिडूनच म्हणालो.

"इचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

त्या संध्याकाळी सड्यावर तासभर मी तोल सावरायला एकदाही पाय जमिनीला लावला नाही. परतताना दोन ओळखीचे भेटले. गाडीवरून उतरून मी त्यांच्याशी तिरका उभा राहूनच बोललो.