शेजारणीची शस्त्रं

कापलेल्या इंद्रायणी भाताचा सुवास आमच्या उत्रोलीच्या खाचरांवरून तिन्हीसांजेला असा चढतो, की भोरच्या बाजारातली माणसंही हातातला घास हातातच धरून थांबत असावीत. आणि नेमक्या त्या सुगंधी, केशरी प्रहरी माझी शेजारीण हौसा पदराखाली शस्त्रं घेऊन आमच्या पडवीत यायची. आधी विळा, मग कुऱ्हाड, मग मुसळ, शेवटी लाटणं. तिचा नवरा नामदेव पिऊन घरी यायच्या आत मारता येण्याजोगं सगळं माझ्याकडे ठेवायचं आणि उजाडलं की न्यायचं, हा आमचा नऊ वर्षांचा परिपाठ. तोरण्यावर शिबंदी नांदत होती तेव्हाही नसेल एवढा शस्त्रसाठा माझ्या कणगीमागे आहे, असं मी चारचौघांत सांगे आणि लोक पोट धरून हसत.

"लाटणं तरी राहू दे की गं घरी."

"भाकरी थापायला कुठं लागतंय ते? त्येला कशाला आयतं हातात द्यायचं!" हौसा म्हणे, आणि आम्ही दोघीही हसायचो.

सकाळचा नामदेव म्हणजे मुंग्या लागाव्यात इतका गोड. "ताई, आजपासून बंद. तुमच्या पायाची आन." माझ्या पायांवर त्याने इतक्या शपथा वाहिल्या, की त्या भाराने मी दोन बोटं बुटकी झाले. लहानपणी त्याच्या बापाने पिऊन त्याला कासऱ्याने फोडून काढलेलं सारं गाव पाहत होतं; तेच गाव आज सुपारी कातरत म्हणतं, "दारू मारती हो, माणूस न्हाई." वैताग येतो मला. दारूला हात असते, तर बाटलीने आधी विकणाऱ्यालाच बडवलं नसतं का?

परवा हौसा आली ती जरा उशिराच. मुसळ भिंतीला टेकवताना तिचा तोल गेला, मी सावरायला वाकले, आणि भाताच्या त्या दरवळाला चिरत एक आंबूस, उग्र वास थेट तिच्या श्वासातून आला. मी भडकलेच.

"हौसे, तू पण? लाज न्हाई वाटत?"

नऊ वर्षांत नामदेवाला मी 'लाज न्हाई वाटत?' असं कधी विचारलं नव्हतं, हे शब्द निसटून गेल्यावर कळलं.

"दोन घोट घेतलं की पाठीला कमी लागतंय, ताई," ती म्हणाली. पडशावरचा काढा सांगावा इतक्या साध्या सुरात.

नऊ वर्षं मी लोखंड आणि लाकूड जिवापाड सांभाळलं होतं, आणि बाई तेवढी रोज संध्याकाळी त्याच घरात परत धाडली होती.

"आज जाऊ नगंस. हितंच नीज."

"भात चुलीवर हाय."

"करपू दे."

ती बसली, पण दाराकडे तोंड करून, पायातली चप्पल न काढता. रस्त्यावर कुणी खाकरलं की तिचे खांदे आक्रसत, आणि आता माझेही. तशातच तिने विचारलं, "ताई, उद्या बी?"

'व्हय' म्हणायला कितीसा वेळ लागतो? आजवर हजारो शब्द मी सहज उधळले. हा एक उद्या, परवा, तेरवा पाळावा लागणार होता, आणि तो तोंडात घोळवत मी दारातल्या विझत्या उजेडाकडे पाहत राहिले.