तांबडीचं स्थळ

"तोंड काय बघताय? पाय बघा, पाय!"

नवीन माणूस भेटला की काकी आधी खाली बघायच्या. चेहऱ्याची पाळी नंतर. शेजारच्या इमारतीत नवी सून आली तेव्हा आम्ही बायका तिचा रंग न्याहाळत होतो, केस न्याहाळत होतो, आणि काकींनी जिन्यातच निकाल दिला, "उजवा पाय जरा फेकते. चप्पल बदल म्हणावं." त्या बिचारीने चप्पल बदलली. चाल होती तशीच राहिली, पण काकींचं मतही तसंच राहिलं. तुमच्याही गल्लीत असं एक माणूस असेलच. आमच्याकडे या होत्या.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे, आमच्या इमारतीच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट होता. त्यावर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये वरातीच्या दोन पांढऱ्या घोड्या. उल्हासनगर, कल्याण, पार डोंबिवलीपर्यंतचे नवरदेव त्यांच्या पाठीवरून मांडवात गेले. पुढे तेच नवरदेव बायकोच्या मागे भाजीची पिशवी घेऊन दिसले की काकी मला कोपर मारून सांगायच्या, "हा आमच्या थोरलीवर बसलेला. घाबरट मेला, आयाळ सोडत नव्हता."

काका गेले तेव्हा सगळे धरूनच चालले की घोड्या आता विकल्या जाणार. दिरांनी तर गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तेराव्याची पंगत उठली, काकींनी पदर खोचला आणि शेडमध्ये शेण काढायला गेल्या. दिरांना मिळालेलं उत्तर एवढंच.

तांबडी आली ती त्यानंतर. उल्हासनगरच्या एका शेठजींना रेसच्या घोड्यांचा नाद होता. त्यांची ही कोवळी थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या अस्सल जातीची घोडी दोन-चारदा धावली, प्रत्येक वेळी मागे राहिली, आणि शेठजींचा नाद उतरला. त्यांच्या मुलाची वरात काकींच्या घोडीवरून निघालेली. "सांभाळणार असाल तर न्या," म्हणाले. काकींनी कागदपत्रांसकट घोडी आणली. उंच, तांबूस तपकिरी, सडपातळ आणि विलक्षण चळवळी. बँडचा ढोल वाजला की ती मागच्या पायांवर उभी राहायची. वरातीला तिचा उपयोग शून्य. विका, असं पुन्हा सगळ्यांनी सांगितलं.

काकींनी जाहीर केलं की तांबडीला शिंगरू हवं, आणि तेही थरोब्रेड नरापासून, कागदवालं.

"अहो, कोपऱ्यावरच्या तबेल्यात गावठी घोडा आहे, फुकटात काम होईल," दीर म्हणाले.

"मग तुमच्या पोरीला कोपऱ्यावरचा नवरा का नाही केला?" काकींनी विचारलं. दीर चहा न घेता गेले.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. माझा घोड्यांशी संबंध म्हणजे पहिलीच्या पुस्तकातलं चित्र. पण घोड्यांच्या वंशावळी इंग्रजीत असतात, फार्मवाले फोनवर इंग्रजी फाडतात, म्हणून काकींनी मला धरलं. "टीचर, तुम्ही वाचा, मी बघते." संध्याकाळी वह्या तपासायच्या बाजूला ठेवून मी त्यांना कुठल्या घोड्याचा बाप कोण, आजा कोण, ते वाचून दाखवायचे. त्या डोळे मिटून ऐकायच्या. "थांबा. हाच आजा तांबडीकडं पण आहे ना? सगोत्र झालं. पुढचं वाचा." एकदा मी कंटाळून म्हटलं, काकी, पाच पिढ्या मागे गेलं की सगळ्यांचा पणजोबा एकच निघतोय. त्यांनी एक डोळा उघडला. "तेवढ्या लांबचं चालतं. आपल्यात तरी काय वेगळं आहे?"

त्यांचं गणित साधं होतं. तांबडी नाजूक हाडाची आणि तापट. म्हणून नर भरल्या हाडाचा, थंड डोक्याचा, मजबूत पायांचा हवा. मोठ्या शर्यती जिंकलेला नसला तरी चालेल, पण लंगडा पडून घरी बसलेला नको. आणि परवडणारा हवा. परवडणारा हा शब्द त्या नेहमी शेवटी आणि हळू उच्चारायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, कशासाठी हा सगळा खटाटोप? त्या तांबडीला खरारा करत होत्या. हात थांबला नाही. "टीचर, माझ्या दारात आजवर आलं ते सगळं दुसऱ्याचं उतरलेलं. घोड्या उतरलेल्या, बग्गी उतरलेली, हे पत्रे पण कुणाच्या तरी गोडाऊनचे. एक जीव असा पाहिजे, की त्याचा पहिला श्वासच माझ्याकडं पडला." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, आणि त्या दिवशीही त्या घोडीबद्दलच बोलत होत्या असं मी मानलं.

मग आम्ही स्थळं बघायला निघालो. काकी, मी आणि काकांच्या वेळेपासूनचे नालबंद चाचा. हातात पेढ्यांचा पुडा. घोडा बघायला जाताना पेढे कशाला, तर "मुलीकडचे आहोत आपण, रिकाम्या हातानं जायचं का?"

पहिलं स्थळ पुण्याकडचं. हिरवळ, पांढरी कुंपणं, आणि माझ्या शाळेपेक्षा स्वच्छ तबेला. घोडा असा की मलाही कळलं, हा घोडा आहे. मॅनेजरने घोडा लावण्याची फी सांगितली. काकी जराही न डगमगता खाली उकिडव्या बसल्या, घोड्याचे पाय निरखले आणि उठून म्हणाल्या, "गुडघे किंचित मागं झुकलेत. जमायचं नाही." गाडीत बसल्यावर मी विचारलं, खरंच झुकलेले होते? "कुठले! देवाचे पाय होते. पण परवडत नाही असं त्या बिचाऱ्या घोड्यासमोर कशाला बोलायचं?"

दुसरं स्थळ नाशिककडचं. परवडणारं होतं, पण घोड्याने आमचं स्वागत कान मागे पाडून केलं आणि चाचांच्या बाहीचा लचका तोडला. "दोघं तापट म्हटल्यावर शिंगराला आवरणार कोण?" काकी म्हणाल्या. पेढे मात्र दिले.

तिसरा मुरबाडच्या पुढे सापडला. एका वयस्क गृहस्थांचं छोटं फार्म होतं आणि त्यांच्याकडे हा एकच थरोब्रेड नर. बरीच वर्षं शर्यती खेळलेला, मध्यम पल्ल्याच्या काही जिंकलेला, आणि एकदाही पाय न दुखावलेला. भरल्या हाडाचा. चाचा त्याच्या पोटाखालून पलीकडे गेले तरी त्याने नुसती शेपटी हलवली. काकी उकिडव्या बसल्या त्या उठेचनात. फी ऐकून तर मीच दोनदा विचारलं, एवढीच?

तेवढ्यात चाचांनी घोड्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि हात काढून घेतला.

"भाभी, डोळ्याखाली भोवरा. आसूढाळ."

डोळ्यातून पाणी ओघळावं तिथे केसांचा भोवरा असेल, तर त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा मालकाला रडवतो, घरातला माणूस नेतो, अशी घोडेवाल्यांची समजूत. ते गृहस्थ थकलेल्या आवाजात म्हणाले, "सगळे तिथेच अडतात. वंशावळ बघतात, पाय बघतात, भोवरा दिसला की गाडी काढतात." काकी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःही आयुष्यात खोट्या भोवऱ्याचं जनावर दारात बांधलं नव्हतं. पेढ्यांचा पुडा देऊन आम्ही निघालो.

वाटेत चहाला थांबलो. चाचा सारखे म्हणत होते, भाभी, विषय सोडा, मी दुसरा शोधतो.

"चाचा," काकींनी मध्येच विचारलं, "आमच्या थोरलीच्या गळ्याखाली देवमण आहे ना?"

"हां भाभी."

"सगळ्यात शुभ भोवरा?"

"एकदम! त्याच्यावर शुभ काहीच नाही."

"ती दारात बांधलेली असताना आमचे हे गेले. मग?"

चाचांनी ग्लासात बघितलं. काकी उठल्या, टपरीच्या नळावर खळखळून तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "हाच करायचा."

मी लगेच फोन काढला. त्यांनी माझा हात धरला. "आज नाही. पहिल्या बैठकीतच हो म्हटलं तर मुलीची किंमत राहत नाही. जाऊ देत थोडे दिवस." आता या बाईला काय म्हणावं? भोवऱ्याची भीती टपरीवर धुऊन टाकली, पण बैठकीची रीत काही सुटेना. मी समजावलं, वाद घातला, शेवटी रागावून घरी गेले.

दोन आठवड्यांनी तांबडी माजावर आली आणि काकींनी मला फोन करायची परवानगी दिली. पलीकडून ते गृहस्थ गोंधळून म्हणाले, "अहो, तुमच्याकडून काही कळलं नाही, मला वाटलं तुम्हीही भोवऱ्याला घाबरलात. मी घोडा विकला. उद्या राजस्थानचा ट्रक येतोय."

मी काकींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. तो चेहरा मी एकदाच, काका गेले तेव्हा पाहिला होता. पण क्षणभरच. "टेम्पो बोलवा."

"काकी, त्यांनी शब्द दिलाय आता..."

"टेम्पो बोलवा, टीचर."

टेम्पो दारात आला तरी घाईत एक गोष्ट करायची राहू नये म्हणून त्यांनी ताटात तांदूळ, नारळ, खण काढला. मुलगी सासरी निघालेली, ओटी नको भरायला? ताट माझ्यापुढे धरलं. "तुम्ही भरा. माझ्या हातचं नको." एवढ्या खंबीर बाईचा आवाज तिथे खाली गेला. मला इतका संताप आला, त्यांचा नव्हे, ज्यांनी हे त्यांच्या मनात भरवलं त्यांचा, की मी ताट परत त्यांच्याच हातात दिलं. "आई असताना शेजारीण कशाला? तुम्हीच भरा." त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मग भरली. तांबडीने तांदूळ खाल्ले आणि खणाचं टोकही चघळून पाहिलं.

फार्मच्या फाटकाशी ते गृहस्थ हात जोडून उभे. व्यवहार झालाय, आता घोडा दुसऱ्याचा.

"घोडा त्यांचाच," काकी म्हणाल्या. "तो मी नेत नाही. पण तुमच्याकडं फोन आहे ना? विचारा त्यांना, दारात आलेली मुलगी परत पाठवू का म्हणून." आणि तांबडीचा दोर मनगटाला गुंडाळून फाटकाबाहेरच्या दगडावर बसल्या. ऊन चढलं. गृहस्थ आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. काकी हलल्या नाहीत. शेवटी आतून घोडाच खिंकाळला, तांबडीने उत्तर दिलं, आणि त्या भल्या माणसाला हसू फुटलं. त्यांनी राजस्थानला फोन लावला. पलीकडचाही माणूस घोडेवालाच. ट्रक पोचेपर्यंत माझी हरकत नाही, म्हणाला.

पुढचं मी पाहिलं नाही, आंब्याच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिले. काकींनी सगळं पाहिलं, आणि परत येताना टेम्पोत, ड्रायव्हरसमोर, सगळं सांगितलंही. गृहस्थांनी वंशावळीच्या कागदावर रीतसर सही करून दिली होती.

तांबडी गाभण राहिली. काकींनी तिच्यासमोर कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही, बँडवाल्यांना गल्लीच्या तोंडाशीच वाजवणं बंद करायला लावलं. दिवस भरले आणि एका पहाटे त्यांची हाक आली. मी गाऊनवरच धावले. ओलं, लांबच लांब पायांचं शिंगरू गवतात पडलं होतं. मादी. काकी तिचं नाक पदराने पुसत होत्या आणि खुशाल रडत होत्या. चाचा वाकले आणि शिंगराचं तोंड बघितलं. डाव्या डोळ्याखाली, बापाचा होता तिथेच, भोवरा होता.

गल्लीत कुजबुज झाली. काकींनी लक्ष दिलं नाही.

पावसाळा सरल्यावर प्लॉटच्या मालकाने जागा बिल्डरला दिली. शेड हलवायची वेळ आली. काकींची बहीण टिटवाळ्याच्या पुढे राहायची, तिच्या शेताकडेला जागा होती. पण दिरांचं म्हणणं, एवढी जनावरं तिकडे पोसायची कशी, शिंगरू तरी विका, थरोब्रेड आहे, कागद आहेत. एक दिवस ते दलालाला घेऊनच आले. आम्ही सगळे भिंतीशी उभे. मला तर वाटलं, या वेळी काकींना नाही म्हणता येणार नाही. जागा गेलेली, आधार दिरांचाच.

दलालाने शिंगराला फिरवलं. चाल बघितली, मान बघितली. "क्या बात है!" दोनदा म्हणाला. दीर खूश. मग त्याने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि हात झटकला.

"आसूढाळ. नको. फुकट दिली तरी नको."

दिरांचं तोंड उतरलं. आणि काकी हसल्या. नुसतं स्मित नाही, अगदी पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शिंगराचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "ऐकलंस गं? कुणाला नको तू. झालं तर मग. आता माझ्याकडून तुला कोण नेतंय?"

आता तिथे चार विंगा उभ्या आहेत आणि माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं. काकी टिटवाळ्याकडे निघाल्या त्या सकाळी पांढऱ्या घोड्या पहिल्या टेम्पोत गेल्या. दुसऱ्यात तांबडी आणि शिंगरू. ड्रायव्हर म्हणाला, काकी, पुढे बसा. त्या बसल्या नाहीत. मागे चढल्या आणि शिंगराच्या गळ्याला मिठी घालून उभ्या राहिल्या. टेम्पो सुटला तेव्हा मी हात केला. त्यांना उलटा हात करता आला नाही. दोन्ही गुंतलेले होते.