गोदीला बरं व्हायची बंदी

आमच्या घरात एका कासवाला एकापेक्षा जास्त वेळा बरं व्हायला बंदी होती, आणि ती मी घातली होती. कासव मोबाइलमधलं होतं. बंदी मात्र खरी, भंडारा उचलून घातलेली! आम्हा धनगरांच्या घरात बिरोबाची हळद मुठीत घेऊन शब्द दिला की विषय संपला. मग कोर्ट नको, वकील नको.

आई गेल्यावर आबांनी मेंढरं विकली आणि सांगोल्याकडची वाडी सोडून ते सोलापुरात आमच्याकडे आले. आले म्हणजे नुसते आले. खाटेवर बसायचे, भिंतीकडे बघायचे.

"आबा, चहा?"

"हं."

"आबा, भाकरी?"

"हं."

तीन महिने घरात दुसरा शब्द नाही. मला लई भीती वाटायची. (मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बंद पडलेला माग चालू करायचं मला कळतं. बापाचं कळत नव्हतं.)

त्यांना चालू केलं ते माझ्या लेकीनं, प्रांजलनं. नववीत आहे. तिनं त्यांच्या फोनवर राक्षसांच्या झुंजीचा गेम टाकून दिला. आपला एक राक्षस, समोरच्याचा एक, आळीपाळीनं हाणायचं. प्रत्येकाला हल्ले मोजकेच. माझ्याकडे आग ओकणारा ड्रॅगन होता. आबांनी सगळ्यात मठ्ठ कासव निवडलं आणि त्याला आपल्या म्हाताऱ्या मेंढीचं नाव ठेवलं. गोदी.

गोदीला दोनच गोष्टी यायच्या, मातीत शिरणं आणि बरं होणं. मी आग ओकली की ती मातीत. आग वाया! मग सावकाश वर यायची, बरी व्हायची, परत मातीत. शेवटी माझे हल्ले संपायचे आणि ड्रॅगन दमून आपोआप आडवा पडायचा. एक डाव सव्वा तास!

"आबा, हाणा की एकदा तरी!"

"हाणायची काय गडबड हाय? ऊन उतरू दे."

"मोबाइलमध्ये कुठलं आलंय ऊन?"

"गप बस रं. तुजी आय बी अशीच घाई करायची. एकदा वेळापूरच्या माळावर..."

आणि गोष्ट सुरू. डाव लांबायचा तशी गोष्ट लांबायची. पण मी ती कधी ऐकली असेल तर शपथ! मला फक्त माझी हार दिसायची.

नऊ सुट्ट्या ओळीनं हरलो. माझी बायको सविताही हरायची, पण हसत हरायची. तिची डाव चालू असतानाच मेथी निवडून व्हायची. मला मात्र झोंबलं. मी वही आणली. नियम पहिला : खेळताना चार्जर लावायचा नाही, बॅटरी संपेल तो हरला. (हा प्रांजलसाठी. ती प्लगाला चिकटूनच बसायची.) नियम दुसरा : एका डावात एकदाच बरं व्हायचं.

"बाबा, ही काय चीटिंग नाही," प्रांजल तडकली. "गेममध्येच आहे ते. तुम्हाला तोड सापडत नाही म्हणून बंदी?"

"त्याला तोडच नाही!"

"आहे की. विषारी राक्षस घ्या. मातीत शिरली तरी विष चढत राहतं."

"मी माझा ड्रॅगन सोडणार नाही."

"अहो, म्हाताऱ्या माणसाशी कसली ईर्षा?" सविता म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा!" हा माझा कारखान्यातला आवाज. आणि नंतर कुणी मागं फिरू नये म्हणून मी देवघरातून भंडाऱ्याची वाटीच उचलून आणली.

आबांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भगू, देवाला मदी घेतोस?"

"घेतो."

"बरं." त्यांनी चिमूट उचलली, कपाळाला लावली. आम्हीही लावली.

पुढच्या सुट्टीला गोदी एकदा बरी झाली. पुन्हा मार बसला आणि डाव खलास. तीन मिनिटं! मी जिंकलो, अक्षरशः उडी मारली. आबांनी फोन खाटेवर पालथा ठेवला. "संपलं व्हय?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

आठवडाभर परत 'हं'. मग एका सकाळी अख्खं वाक्य आलं. "भगू, मला गावच्या यष्टीत बसवून दे. हितं माजं काय काम न्हाय."

गावी कुलूप लावलेलं घर, आणि त्यात हा एकटा माणूस.

"आबा, नियम रद्द! गोदीला पाहिजे तेवढं बरं होऊ द्या."

"भंडारा उचललाय मी."

"अहो, नियम मीच केलाय ना!"

"नेम तू केलास. शबूद मी बिरोबाला दिलाय. तू काय बिरोबा हायस?"

"नाही हो मामंजी," सविता आतून म्हणाली, "सुपरवायझर आहेत."

दिलेला शब्द सोडवायचा तर देवापुढंच जायला हवं. सुट्टीला आम्ही चौघं यष्टीनं वाडीला निघालो. आबांनी गाठोडं बांधूनच घेतलं होतं, ते तिथंच राहणार होते. मी वाटभर कारखान्याचे फोन घेत होतो, कारण गाठोड्याकडे बघवत नव्हतं.

देवळात पुजारी म्हाकूदादा, आबांच्याच वयाचे. मी नारळ ठेवला.

"कशाचा भंडारा उचलला? जमिनीचा?"

"नाही दादा."

"भावकीचा?"

"नाही. कासवाचा."

मी हात जोडून सगळं सांगितलं. आग, माती, मोजके हल्ले. आयुष्यात इतक्या गंभीरपणे मी लग्नाची बोलणीही केली नव्हती.

"म्हंजी ती कुनाला मारत न्हाय?" म्हाकूदादांनी विचारलं.

"नाही."

"नुसती बरी हुती?"

"हो."

"आन तू तिला बरं होऊ देत न्हाईस?"

"एकदा देतो."

"भगवान, दुखनं आल्यावर एकदाच बरं व्हावं, असा नेम देव बी घालत न्हाय. तू कोन रं?"

आबाच बोलले, गाभाऱ्याकडे बघत. "ती गेल्यापास्नं मला बी येळ लागतोय, म्हाकू."

माझी मान वर होईना. हा माणूस सव्वा तास माझ्याशी बोलत होता, आणि मी तो सव्वा तास बंद पाडला होता!

शब्द सुटला. दंड मला. देवापुढं बसून एक डाव शेवटपर्यंत खेळायचा, मध्ये उठायचं नाही. आम्ही देवळासमोर लिंबाखाली पारावर बसलो. गोदी मातीत शिरली, आबांनी वेळापूरचा माळ काढला, आणि त्या गोष्टीचा शेवट मी पहिल्यांदा ऐकला. आईनं घाईत आमची सोडून दुसऱ्याचीच मेंढरं हाकून आणली होती, आणि मागं धावत आलेल्या मालकाला चोर म्हणून काठीनं पिटाळलं होतं! आबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही.

आणि हसता हसता चमत्कार झाला. गोदी मातीतून वर आली, अंगात जीव नाही, आणि माझा एक हल्ला शिल्लक! बोट टेकवायचा अवकाश.

माझा फोन काळा पडला.

आबांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. बॅटरी साठ टक्के.

"नेम पैला," ते म्हणाले. "वहीत हाय." मग गाठोडं उचलून माझ्या काखेत दिलं. "चल, सोलापूरची यष्टी चुकंल."

मी आशेनं म्हाकूदादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. भंडारा दोन्ही नियमांवर उचलला होता, आणि मी सोडवून घेतला होता फक्त दुसरा.