एकाच वाचकाचा ब्लॉग

सक्कूमामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मीटिंगला बसले होते. स्क्रीनवर नाव मामींचंच होतं, म्हणून मी तो कापला. म्हटलं, काहीतरी पुसलं गेलं असेल नाहीतर पासवर्ड विसरल्या असतील, जेवणाच्या सुट्टीत बघू. लगेच परत वाजला. या वेळी उचलला तर मामींच्या खालच्या मजल्यावरच्या वेंकटेशनचा आवाज. ते तमिळमध्ये काहीतरी भराभरा सांगत होते आणि मला त्यातलं फक्त ‘मामी’ आणि ‘काफी’ एवढंच कळत होतं. मग त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं : सकाळी गॅसवर कॉफीचं दूध ठेवलं आणि तिथेच बसल्या... हॉस्पिटलपर्यंतही पोचल्या नाहीत. मी मीटिंगमधून उठले, बस पकडली आणि मामींचं तिरुवल्लिकेणी येईपर्यंत सगळ्या रस्ताभर स्वतःशीच बडबडत राहिले, ‘असं नाही करायचं मामी, असं न सांगता नाही जायचं.’ शेजारी बसलेल्या बाईने मला पाण्याची बाटली दिली.

गंमत बघा, या पुरवणीसाठी मला लिहायला सांगितलं होतं ते वेगळंच. ‘ब्लॉग आणि सोशल मीडिया : नवशिक्यांसाठी सोप्या युक्त्या.’ तुम्ही हे काम करता, तेव्हा चार गोष्टी सांगा, असं संपादिकाबाई म्हणाल्या होत्या. मी कबूलही केलं होतं. पण लिहायला बसले की प्रत्येक युक्तीपाशी मामी येऊन उभ्या राहतात. कारण मी आयुष्यात एकाच नवशिक्या माणसाला ब्लॉग लिहायला शिकवलं, आणि त्या बाईने माझा एकही सल्ला सरळ ऐकला नाही. म्हणून युक्त्या राहू देत. मी मामींबद्दलच लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची. नोकरी लागून चेन्नईला आले तेव्हा ना भाषा येत होती, ना ओळखीचं कोणी होतं. एका संध्याकाळी देवळाजवळच्या गल्लीत भाड्याची खोली शोधत हिंडत होते आणि फोनवर आईशी भांडत होते, की हे गाव माझ्याच्यानं होणार नाही, मी परत येते. तेवढ्यात जिन्यावर बसून कढीपत्ता निवडणाऱ्या एका बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, “आईशीं असें बोलतात कां गे?” मी उडालेच! तंजावूरकडची मराठी मी त्याआधी कधी ऐकलीच नव्हती. शब्द आपले, चाल मात्र तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं घर. तमिळ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या सक्कूबाई, सगळ्या गल्लीच्या मामी. यजमान वारलेले, एकुलता एक मुलगा श्रीधर परदेशात. त्यांनी मला त्यांची मागची खोली दिली आणि वर बजावलं, “आंबोळी मिळणार नाहीं, दोसा मिळेल. नखरा चालणार नाहीं.” पुढे मी ऑफिसजवळ राहायला गेले, तरी माझा रविवार त्यांच्याकडेच जायचा.

फोन त्यांना श्रीधरनेच घेऊन दिला होता. त्यावर त्याचे फोटो दिसतात हे कळल्यावर मामींना वेडच लागलं. मी त्यांना खातं उघडून दिलं आणि पहिला धडा दिला : सगळं बघायचं, पण दिसेल तिथे लिहायचं नाही. ‘सेरी, सेरी,’ म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणाल्या. आणि चारच दिवसांत श्रीधरचा एक फोटो आला, सूटबूट घालून स्टेजवर उभा, हातात कसलंसं बक्षीस, खाली त्याच्या साहेबांची आणि मित्रांची अभिनंदनं. त्या सगळ्यांच्या मधोमध मामींनी तमिळमध्ये लिहून ठेवलं : पोट साफ होतें कां, वाळलास किती, एरंडेल घे. आता तिथे भाषांतराचं बटण असतं. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ते दाबलं असणार! मी वाचलं तेव्हा हसून हसून माझी पुरेवाट झाली. मामी मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी त्याचा फोन येऊन गेला होता. रागावला नव्हता म्हणे, नीटच बोलला, ‘अम्मा, तिथे लिहू नकोस, प्लीज.’

त्यानंतर त्यांनी तिथे एक अक्षर लिहिलं नाही. आठवड्याचा फोन यायचा, तोही तमिळमध्ये आणि दोन वाक्यांचा. जेवलीस का, औषध घेतलंस का, बरं ठेवतो. पोरगा वाईट नव्हता हो. कामात होता, दूर होता, आणि दूरच्या माणसाशी काय बोलायचं हे हळूहळू विसरायलाच होतं. पण मामी बोलायच्या राहून गेल्या. एका रविवारी रसवांगी वाढता वाढता म्हणाल्या, “मज येक जागा करून दे गे. माझी. तेथें मी लिहीन. कोणाच्या चार माणसांत नको. त्यास सवड होईल तेव्हां तो येऊन वाचेल, लाज वाटणार नाहीं त्यास.” दुसऱ्याच दिवशी मी त्यांना ब्लॉग काढून दिला.

आणि मग सुरू झालं आमचं भांडण. मामी बोलायच्या मराठीत, पण शाळा सगळी तमिळ. देवनागरी त्यांना जेमतेम लावत लावत वाचता यायची, लिहिता मुळीच नाही. त्यामुळे त्यांनी मराठी लिहिली ती तमिळ अक्षरांत! पहिला लेख बघून मी कपाळाला हात लावला. “अहो मामी, हे महाराष्ट्रातल्या कुणाला वाचता येणार नाही, आणि इथल्या कुणाला वाचून कळणार नाही. आधी वाचक कोण ते ठरवायचं असतं, मग लिहायचं. पहिला नियम आहे हा!” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शाळेत ढ पोरांकडे बघत असतील तसंच. “ठरवलाच आहे कीं. हीं अक्षरें येतात आणि ही भाषा कळते असा येकच मनुष्य आहे जगांत. माझ्या पोटचा.” मला स्वतःला बसवरच्या पाट्यांपलीकडे तमिळ वाचता येत नाही. मग रविवारी छापण्याआधी त्या मला वाचून दाखवायच्या. मोठ्याने वाचल्यावर चुका सापडतात, हा माझा तेवढा एक सल्ला त्यांनी मानला.

लिहायच्या काय? काही नाही. गल्लीत कोणाकडे पाळणा हलला. वेंकटेशनने भाडेकरूशी कशी हुज्जत घातली. श्रीधरचे बाबा त्याला खांद्यावर बसवून समुद्रावर न्यायचे आणि परत येताना स्वतःच वाट चुकायचे. माझं व्यावसायिक डोकं म्हणायचं, याला ना धड शीर्षक, ना विषय, ना शेवट. आणि मी मात्र तिथे डोळे पुसत बसायची.

खरी वादावादी झाली ती दुव्यावरून, म्हणजे लिंकवरून. ब्लॉग काढला की त्याचा दुवा आपल्या माणसांना पाठवायचा, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी म्हटलं, “श्रीधरला पाठवा.” मामी ताडकन म्हणाल्या, “छे!” का? तर त्यांच्याकडे लग्नकार्यात अक्षत परक्याला देतात. घरच्याला, पोटच्या पोराला आमंत्रण केलं तर तो परका झाला. “त्याचें घर आहे तें. आपल्या घरीं ये म्हणून सांगायचें कां? दार उघडें आहे, येईल.” मी कानीकपाळी ओरडले. “मामी, इंटरनेट म्हणजे तुमचा जिना नाही. कोट्यवधी दारं आहेत तिथे, त्याला हे कसं सापडणार?” मग म्हटलं, मी पाठवते. तर त्यांनी माझा हात धरला आणि डोळ्यांत बघून म्हणाल्या, “तूं पाठवलेंस तर माझ्या घरीं पाऊल टाकू नको.” हट्टी... अशी हट्टी बाई मी पाहिली नाही! आज त्या समोर असत्या तर पुन्हा भांडले असते, कडाकडा भांडले असते.

लेखाखाली रोज किती वेळा पान उघडलं गेलं याचा आकडा दिसतो. मामी रोज सकाळी कॉफी झाली की ब्लॉग उघडून बघायच्या, अक्षरं जागच्या जागी आहेत ना म्हणून. आणि एका रविवारी मी दारात पाऊल टाकते तर त्या लहान मुलीसारख्या पुढे आल्या. “वाचलें गे त्यानें! बघ, येक आहे.” मी बघितलं. तो एक म्हणजे त्या स्वतःच होत्या. आपण आपलं पान उघडलं तरी ते मोजलं जातं, ते मोजू नये अशी एक सोय असते, नवशिक्यांना ती आधी सांगायची असते. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी त्या दिवशी शेवयांची खीर केली होती.

मी सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मीही ते पान उघडायला लागले. एक अक्षर वाचता यायचं नाही. डबा खाता खाता त्या गोल गोल अक्षरांवरून बोट फिरवायची आणि बंद करायची. “आज दोनदां वाचलें त्यानें,” मामी फोनवर सांगायच्या, “येकदां सकाळीं, येकदां दुपारीं. तिकडे रात्र असेल नाहीं? जागतो पाहा.” मी म्हणायची, “हो मामी, जागत असेल.” नवशिक्यांना द्यायच्या युक्त्यांमध्ये ही कुठे बसत नाही, मला माहीत आहे. पण त्यांच्या आवाजात तेव्हा जे काही यायचं ना, त्यासाठी मी तेच पुन्हा केलं असतं.

मामी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीधर आला. उंच, डोक्यावर थोडं टक्कल पडू लागलेला, डोळे हुबेहूब मामींचे. सगळं विधीप्रमाणे होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. बोलले असते तर तोंडातून भलतंच गेलं असतं. तेरावा झाला, पाहुणे गेले, वेंकटेशनच्या बायकोने आम्हाला कॉफी आणून दिली. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होता. इंग्रजीत म्हणाला, “अक्का, अम्मा माझ्याशी काही बोलायचीच नाही हो शेवटी शेवटी. विचारलं की नुसतं, सगळं बरं आहे.” मग मात्र माझ्याने राहवलं नाही. आता कसली ताकीद आणि कसलं काय! मी फोन काढला, ब्लॉग उघडला आणि त्याच्या हातात दिला.

आधी त्याला काहीच कळेना. तमिळ म्हणून वाचायला गेला आणि अडखळला. पुन्हा मनात वाचलं, पुन्हा थांबला. मी म्हटलं, “मोठ्यानं वाच.” त्याने वाचायला सुरुवात केली, “आज टांगर... टांगर...” आणि एकदम त्याचा चेहराच बदलला. “डांगर!” उडदाचं ते दह्यातलं डांगर. तमिळ अक्षरांत ट आणि ड वेगळे नाहीत, ज्याने घरात ऐकलंय त्यालाच ते नीट उच्चारता येतं. पुढे मग तो थांबला नाही. “आज डांगर कालवलें. तूं लहान असतां हात घालून खायचास आणि मी मारायचें. आतां कोणी हात घालीत नाहीं. सगळें मजच उरतें.” इतकी वर्षं मराठी न बोललेल्या त्या माणसाच्या तोंडून मामी बोलत होत्या, तीच चाल, वाक्याच्या शेवटी तोच हेल. मी भिंतीला टेकून रडले, लपवलं नाही. वाचता वाचता त्याला खालचा आकडा दिसला. “हे कोण वाचायचं, अक्का?” मी म्हटलं, “मी.” “तुम्हाला तमिळ येतं?” मी मान हलवली, नाही. त्याने फोन छातीशी धरला आणि तो उंच माणूस उंबऱ्यावरच गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊ लागला.

आता तो परत गेलाय. घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. कधीमधी मला त्याचा आवाज येतो, रेकॉर्ड करून पाठवलेला. मामींचा एकेक लेख तो मोठ्याने वाचतो, मला वाचता येत नाही म्हणून. मागे गाडी जात असते, कधी कुकरची शिट्टी. मी बसमध्ये कानाला लावून ऐकते आणि ऐकून झालं की परत लावते. मध्ये बरेच दिवस काही आलं नाही, तेव्हा न राहवून मीच फोन केला. म्हटलं, “अरे, विसरलास का? पुढचं पाठव की.” तो मराठीत म्हणाला, तसाच अडखळत, “विसरलों नाहीं, अक्का. थोडेंच उरलें आहे. वाचलें तर सरेल.”