कृतज्ञतेचे थांबे

माझे भाऊजी जिना चढताना थांबून आभार मानू लागले, तेव्हा घरात कोणाला वावगं वाटलं नाही. छत्रीबागेतलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मधल्या वळणावर ते कठडा धरून उभे राहत, डोळे मिटत, विश्वाला धन्यवाद देत आणि मिनिटभराने पुढे चढत.

ही पद्धत त्यांनी तुकोगंजातल्या सकारात्मक विचारांच्या एका वर्गातून आणली होती. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी खुर्चीत काढलं. दाढीसुद्धा ताईने आठवण करून दिली तरच करत. वर्गाला जायला लागल्यावर ते लवकर उठू लागले, शेजाऱ्यांशी बोलू लागले, एकदा तर स्वतःहून पोहे केले. वर्गाने त्यांना खुर्चीतून उठवलं, ही वस्तुस्थिती आहे आणि ती नोंदवायला हवी.

त्याच वर्गाने काही शब्दांवर बंदी घातली. त्रास, थकवा, दुखणं असं काही बोललं की विश्व ते ऐकतं आणि पुरवतं, असा सिद्धांत होता. आमच्या घरांत याची मशागत आधीच झालेली. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं; बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. भाऊजींनी हा नियम फक्त स्वयंपाकघरापर्यंत नेला.

"अहो, लसूण संपलाय," ताई म्हणाली.

"संपला नाही म्हणायचं. लसूण आपल्याकडे येतो आहे."

"येईल तेव्हा येईल. तोवर फोडणीत काय विश्वास घालू?"

जिन्यातल्या एका थांब्याचे दोन झाले, मग तीन. वर्गाचा हॉलही वरच्या मजल्यावर होता, त्यामुळे तिथे हे सगळ्यांना दिसलं आणि त्याचं कौतुक झालं. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "सरजींना बघा. इतकी ग्रॅटिट्यूड मी तर कोणात नाही बघितली." त्यांना पहिली रांग मिळाली. थांबे कमी करण्याचा प्रश्न त्यानंतर उरला नाही.

ताईला मात्र प्रत्येक थांब्याआधीची धाप ऐकू येत होती. तिने मला बोलावून घेतलं. "तू ने ह्यांना डॉक्टरकडे. मी म्हटलं की मी निगेटिव्ह ठरते." भाऊजी लगेच तयार झाले. डॉक्टर आपल्या उत्तम प्रकृतीवर शिक्कामोर्तब करतील, याची त्यांना खात्री होती.

"कुछ तकलीफ?" डॉक्टरांनी विचारलं. आमच्या शहरात घराबाहेर हिंदीच चालते.

"बिल्कुल नहीं. मैं पूरी तरह स्वस्थ हूँ."

"साँस फूलती है?"

"साँस में तो आनंद ही आनंद है, डॉक्टरसाब."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : तक्रार नाही.

मी वार्ताहर आहे. बातमीच्या कामात संबंधिताचं म्हणणं घ्यावंच लागतं. तेच अंतिम मानायचं नसतं. मी डॉक्टरांना थांबे सांगितले. आधी एक, आता तीन. तिसऱ्याला ओठ पांढरे पडतात.

"भिया, तू मेहुणा आहेस की विरोधी पक्ष?" भाऊजींनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि त्यांना बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला सांगितल्या. "रुककर किसी को थैंक्यू नहीं बोलना है. सिर्फ चलिए." दुसऱ्या फेरीत भाऊजी भिंतीला टेकले. पुढचा शब्द त्यांना उच्चारता आला नाही, बंदी असलेला नाही आणि नसलेलाही नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या बाई फुलं घेऊन आल्या. "सरजी, ही तर तुमच्या विचारांची जीत आहे," त्या म्हणाल्या. भाऊजी हसले. ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

तेवढ्यात डॉक्टर राऊंडवर आले. "कहीं दर्द? चक्कर?"

भाऊजींनी बाईंकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळू लागले होते.

"हाथ में दर्द है, जहाँ से तार डाला," भाऊजी म्हणाले. "और रात से चक्कर आ रहे हैं. बैठता हूँ तो ज़्यादा."

डॉक्टर परत फिरले आणि त्यांनी रक्तदाबाचं यंत्र मागवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. ताईने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा बसली.