आठवडाभराचा उशीर

पितळेच्या पॉलिशचा वास आला की बोरीवलीतल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. युद्धातल्या शेवटच्या मोठ्या चढाईत त्यांचे यजमान गेले होते. एका दुपारी त्या गॅलरीत बसून यजमानांचं पदक घासत होत्या आणि मी शेजारी परीक्षेचा इतिहास मोठ्याने वाचत होतो. "ती चढाई झाली नसती, तर आपण हरलो असतो काय रे?" त्यांनी विचारलं. मी हुशारी दाखवत म्हणालो, "नाही हो काकू, शत्रू आधीच खचला होता. फार तर जिंकायला आठवडाभर उशीर झाला असता." त्यांचा हात थांबला. "आठवडोच ना? मगे थांबाक होया होता रे," थांबायला हवं होतं, एवढंच त्या मालवणीत म्हणाल्या. आता मी शाळेत इतिहास शिकवतो. त्या चढाईचं महत्त्व सांगा, हा प्रश्न मी आजवर एकाही पेपरात घातलेला नाही.